ऐच्छिक तास आणि त्यात बसणारी मुले

(तालुक्यातील मुख्याध्यापक, माध्यमिक शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या संयुक्त मेळाव्यात केलेले भाषण)



माध्यमिक शाळेतील मुलामुलींसाठी जीवनकौशल्ये आणि समावेशकता या विषयांचा ऐच्छिक तास हा आजचा विषय आहे. या तासासंबंधी तीन प्रश्न उपस्थित होतात. तास ठेवावा किंवा कसे, हा पहिला. ठेवल्यास तो कोणी घ्यावा, हा दुसरा. आणि त्या तासाला कोणी बसावे, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांचा ऊहापोह परिपत्रकांतून, चर्चासत्रांतून आणि प्रशिक्षण शिबिरांतून पुष्कळ झाला आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. या तासाचे यशापयश त्या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे असे माझे मत आहे आणि तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली शाळांसाठी जीवनकौशल्यांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात दहा कौशल्ये सांगितली आहेत. स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या भावना जाणणे, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, अडचणीतून मार्ग काढणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध राखणे, मनावरील ताणाला तोंड देणे आणि भावना आवरणे. ही यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेतली, तर तिचा उपयोग शून्य. समावेशकता या शब्दाचेही तसेच आहे. स्पेनमधील सालामांका येथे १९९४ साली ९२ देशांची सरकारे आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या परिषदेने जाहीर केले की, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक, भाषिक अशी कोणतीही परिस्थिती असली, तरी सर्व मुलांना सामान्य शाळेने आपल्यात घेतले पाहिजे. शाळेत नाव दाखल करून घेणे एवढाच त्या ठरावाचा अर्थ नाही. नाव पटावर आहे आणि मूल कोपऱ्यात आहे, ही स्थिती आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

नावे नवी असली तरी वस्तू आपल्याकडे नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताचे काम हे शिक्षणाचे माध्यम मानले गेले, हे सर्वांना ठाऊकच आहे. परंतु मला अधिक बोलके वाटते ते कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. त्याला पुढे १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या वसतिगृहात निरनिराळ्या जातीजमातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि सारी कामे वाटून करीत. तेथे समतेवर धडा होता की नाही, याला महत्त्व नाही. एकाच पंक्तीला बसून जेवणे आणि आपले ताट आपण घासणे, हाच धडा होता. त्या काळच्या साताऱ्यात अशी पंगत बसवणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना आज येणार नाही. आपल्या आजच्या विषयाची दोन्ही अंगे, म्हणजे जगण्याचे कौशल्य आणि दुसऱ्याला सामावून घेणे, तेथे एकाच कृतीत आली होती. ती अलग केली की दोन्ही निस्तेज होतात, असा माझा समज आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने या दिशेने अनेक प्रयत्न केले. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ सालच्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा आग्रह धरला. त्यानंतर आपल्या राज्यात परिपाठ व मूल्यशिक्षण आले. नववीसाठी २०१७ साली आणि दहावीसाठी २०१८ साली नव्या पाठ्यक्रमानुसार 'स्व-विकास व कलारसास्वाद' हा श्रेणी विषय आला. २०२० साली आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री यांनी, भावनिक स्वास्थ्य, परस्परसंबंध, स्त्री-पुरुष समानता, व्यसनांपासून बचाव असे अकरा विषय मुलांशी बोलावेत अशी योजना आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर विद्यार्थ्याला विषय निवडण्याची अधिक मोकळीक असावी आणि अभ्यासक्रमाचे विषय व अभ्यासेतर विषय अशी भिंत असू नये, असे म्हटले आहे. सबब, योजनांचा तुटवडा नाही.

मग अडते कोठे? ज्या तासाला गुण नाहीत तो तास वेळापत्रकात दिसतो, परंतु शाळेत दिसत नाही. जानेवारी उजाडला की दहावीचा असा प्रत्येक तास गणित, विज्ञान वा इंग्रजीच्या पोटात जातो. याबद्दल मी शिक्षकांना दोष देणार नाही. शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या दारावर लागतो आणि गावकरी तो वाचतात. शाळेतील मुलांना आपला राग आवरता येतो किंवा नाही, याचा फलक कोणी लावीत नाही.

तासाला कोण बसते ?

माहिती खात्यातील माझ्या कामामुळे निरनिराळ्या तालुक्यांतील शाळांना भेटी देण्याचा योग येतो. ऐच्छिक तासाच्या वेळी वर्गात डोकावले, तर बहुधा एकच चित्र दिसते. त्या वर्गात ज्यांचे गणित कच्चे आहे अशी मुले असतात. ज्या विद्यार्थ्याला कमी ऐकू येते तो असतो. परीक्षेत दोनदा राहिलेली मुले असतात. पालावरून येणारा एखादा मुलगा असतो. हुशार म्हणून गणलेली मुले त्या वेळी शेजारच्या खोलीत शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशपरीक्षेच्या तयारीत गढलेली असतात. एका शाळेत तर मुलांनीच या तासाला 'ढ-तास' असे नाव पाडले होते. मुलांची भाषा निर्दय असते, पण निरीक्षण अचूक असते.

याचा अर्थ काय झाला? सर्वांना सामावून घेण्याचे शिक्षण देण्याकरिता जो वर्ग काढला, तोच शाळेतल्या नकोशांचा वर्ग झाला. दुसऱ्याच्या अडचणीची जाणीव ज्या मुलांना व्हावयास हवी, ती मुले तेथे नाहीतच. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला कमी ऐकू येणाऱ्याशी कसे वागावे हे शिकविण्याची गरज नसते. ती गरज त्याच्या वर्गमित्राला असते, आणि तो शेजारच्या खोलीत आहे. पुढे हाच वर्गमित्र तहसील कार्यालयात, बँकेत, रुग्णालयात खुर्चीवर बसणार आहे आणि त्याच्यासमोर रांगेत हा मुलगा उभा राहणार आहे.

दुसरी विभागणी मुलगे आणि मुली यांची. कौशल्यांचे पर्याय दिले की मुलींच्या नावापुढे शिवणकाम वा पाककला आणि मुलग्यांच्या नावापुढे वीजजोडणी, हे कोणी न सांगताच भरले जाते. बहुतेक वेळा तो अर्ज वर्गशिक्षक भरतात व विद्यार्थ्याची फक्त सही घेतात. निर्णयक्षमता हे ज्या विषयाचे एक प्रमुख अंग, त्या विषयाची निवड विद्यार्थ्याने स्वतः केलेली नसावी, ही विसंगती आपल्या लक्षात येत नाही.

तर मग हा विषय सक्तीचा का करू नये, असे कोणी विचारील. विचार मोहक आहे, परंतु मला तो पटत नाही. सक्तीच्या गोष्टींचे आपण काय करतो, हे परिपाठात दिसते. संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता ही मूल्ये मुले रांगेत उभी राहून एका सुरात म्हणतात, आणि परिपाठ संपल्यावर वर्ग झाडण्यासाठी झाडू पुन्हा मुलींच्याच हाती येतो. निवडीला किंमत आहे, म्हणून हा तास ऐच्छिकच असावा. मात्र निवड खरी असली पाहिजे. त्यासाठी काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. शाळा सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वच विद्यार्थ्यांना प्रत्येक पर्यायाचा एकेक तास चाखू द्यावा. त्यानंतर अर्ज विद्यार्थ्याने वर्गात बसून स्वहस्ते भरावा आणि 'हा विषय मी का निवडला' याची दोन वाक्ये लिहावीत. त्याच वेळी गणिताच्या जादा तासाची योजना करू नये. एवढे झाले, तरी त्या वर्गातील चेहरे बदलतील.

तासात काय घडावे ?

आता तासाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण येथे फार संदिग्धता आहे. व्याख्यानाने जीवनकौशल्य येत नाही. सायकल चालवण्यावर निबंध लिहून सायकल येत नाही, तसेच हे.

एक साधे उदाहरण घ्या. बँकेतून पैसे काढण्याची चिठ्ठी. नववीच्या वर्गात ती वाटली की पन्नासातील पुष्कळांना रक्कम अक्षरी लिहिता येत नाही आणि खातेक्रमांक कोठे पाहावा हेही कळत नाही. हेच विद्यार्थी चक्रवाढ व्याजाची उदाहरणे बरोबर सोडवीत असतात. पंधरा मिनिटांत चिठ्ठी भरून होते. खरा तास त्यानंतर सुरू होतो. आता तीच चिठ्ठी अशा माणसाला समजावून सांगावयाची, ज्याला वाचता येत नाही. त्याच्या हातून चिठ्ठी हिसकावून घेऊन आपणच भरून टाकावयाची नाही आणि त्याच्या अज्ञानाला हसावयाचेही नाही. दोघादोघांच्या जोड्या करून हे करून पाहिले, तर संवाद, संयम आणि आदर ही तीनही कौशल्ये एकाच कागदात येतात. वर्गात अशी मुले असतात, ज्यांच्या आया अंगठा उठवतात. ती मुले हा प्रसंग इतरांपेक्षा चांगला वठवतात आणि त्या दिवशी वर्गाचे शिक्षक तीच होतात. सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, जातीच्या दाखल्याचा अर्ज, भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या फसव्या संदेशाची पारख, असे कितीतरी तास या पद्धतीने बेतता येतील. पुस्तक लागत नाही. पोस्टातून आणि बँकेतून कोरे नमुने आणले की झाले.

दुसरे उदाहरण नकाराचे. 'नाही' म्हणता येणे हे या वयातील सर्वांत अवघड कौशल्य आहे. तंबाखूची पुडी पुढे करणाऱ्या मित्राला नकार, भरधाव मोटरसायकलवर तिघांत बसण्यास नकार, कोणी नकोसा स्पर्श केला तर नकार, आणि आपल्या भागात मुलींच्या दृष्टीने सर्वांत निकराचा, म्हणजे अकाली लग्नाला नकार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २६ होते. २०१९-२१ मध्ये ते शेकडा २२ च्या जवळपास आले. घट झाली हे समाधान, परंतु पाचांत एक हा आकडा कोणत्याही शिक्षकाची झोप उडवील असा आहे. नववीच्या वर्गात वीस मुली बसल्या असतील, तर हिशेब प्रत्येकाने आपापला करावा.

या नकाराचा सराव करावयाचा तो नाट्यरूपाने. एक मुलगी आपली आत्या होते, एक मुलगा वडील होतो, एक मुलगी स्वतःच राहते. आत्या सांगते, स्थळ चांगले आहे, हुंडा नको म्हणतात, धाकट्या दोघींचा विचार कर. या आत्याला वर्गाने दुष्ट ठरवू नये, ही खबरदारी शिक्षकाने घ्यावी. बहुतेक घरांत ती आत्या दुष्ट नसते. ती घाबरलेली असते. मुलीने काय बोलावे, कोणाला बरोबर घ्यावे, आजोबांना आधी सांगावे की शिक्षिकेला, याचा वर्ग विचार करतो. आणि वडिलांची भूमिका करणाऱ्या मुलग्याला त्या दहा मिनिटांत जे कळते, ते शंभर घोषवाक्यांनी कळणार नाही. म्हणून म्हणतो, या तासाला मुलगे हवेतच. बालविवाहाचा विषय केवळ मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन शिकविणे म्हणजे आग लागलेल्या घरातील माणसांनाच आगीची माहिती देण्यासारखे आहे.

तिसरे उदाहरण हातांचे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने सांकेतिक भाषेचा जो कोश तयार केला आहे, त्याच्या २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. वर्गात एखादा कर्णबधिर विद्यार्थी असल्यास सर्वांनी स्वतःचे नाव आणि रोजचे वीस-पंचवीस शब्द हाताने सांगावयास शिकावे. मुलांना यात भलतीच मौज वाटते. मास्तर पाठमोरे असताना वर्गभर निःशब्द गप्पा रंगतात, हा एक तोटा आहे खरा.

स्वयंपाकाचाही उल्लेख करावयास हवा. मुलग्यांना वरणभात आणि भाकरी करता आली पाहिजे, आणि मुलींना सायकलचे पंक्चर काढता व विजेची वितळतार बदलता आली पाहिजे. यावर वाद घालण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नाही.

एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष वेधतो. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. त्यांची मुले मागे हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, अन्यथा फडावर जातात. जूनमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपणारी, एकमेकांवर आधारलेली तासांची साखळी अशा विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही. यास्तव प्रत्येक तास स्वयंपूर्ण असावा. विद्यार्थी जानेवारीत परत आला तरी त्या दिवसाच्या तासात त्याला पूर्ण स्थान मिळावे. तीच गोष्ट मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलांची. या तासात तरी त्यांनी आपल्या भाषेत बोलावे आणि इतरांनी समजून घेण्याचे कष्ट करावेत. इतर सर्व तासांत कष्ट तीच मुले करीत असतात.

शिक्षकांची अडचण

शिक्षक बंधुभगिनींच्या मनातील संकोचाची मला कल्पना आहे. शरीरातील बदल, मासिक पाळी, आकर्षण या विषयांवर वर्गात बोलणे सोपे नाही. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून आपल्या राज्यात आणि इतर काही राज्यांत केवढे वादळ उठले आणि तो कार्यक्रम कसा थांबवावा लागला, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. त्या वादातून घेण्यासारखी गोष्ट ही की, साहित्य मुलांच्या हाती जाण्यापूर्वी पालकांच्या हाती गेले पाहिजे. तास सुरू करण्यापूर्वी पालकांची सभा बोलवावी, काय शिकविणार ते उघडपणे दाखवावे, त्यांचे आक्षेप ऐकावेत. लपवून केलेल्या गोष्टीचा संशय येतो. सभेला आलेल्या आया बहुधा एवढेच म्हणतात की, आम्हांला कोणी सांगितले नाही, आमच्या पोरींना तरी सांगा.

याहून गंभीर अडचण वेगळी आहे. मोकळेपणाने बोलण्याची सवय लागली की कधीतरी एखादे मूल असे काही सांगते, जे ऐकून शिक्षकाचा थरकाप व्हावा. अशा वेळी 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ सालचा कायदा असे सांगतो की, गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. त्यात शिक्षकाला सूट नाही. मुलाला शांतपणे ऐकून घ्यावे, त्याने सांगितले हे चांगले केले असे म्हणावे, तपशील खोदून काढू नयेत आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांसह पुढील कार्यवाही करावी. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आणि २०२२ सालापासून सुरू असलेला मानसिक आरोग्याचा १४४१६ हा क्रमांक, हे दोन्ही वर्गाच्या भिंतीवर ठळकपणे लिहावेत. मुतारीच्या बाहेरील भिंतीवर लिहिले तर अधिक उत्तम. तेथे मूल एकटे असते आणि त्याला तो उतरवून घेता येतो.

दिव्यांग विद्यार्थ्यांबाबत कायद्याची स्थितीही माहीत असावी. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. लक्षणीय अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. वर्गात आळशी म्हणून ज्याला मार बसतो, तो मुलगा अक्षरे उलटसुलट दिसतात म्हणून मागे पडत असेल, ही शंका शिक्षकाच्या मनात आली पाहिजे. तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्यता दिली आणि २०१९ च्या कायद्याने शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांवर अशा विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण देण्याची जबाबदारी टाकली. चालण्याबोलण्यावरून एखाद्या मुलाची वर्गात रोज टिंगल होत असेल, तर ती थांबवणे ही शिक्षकाची मेहेरबानी नव्हे. ते त्याचे काम आहे.

पंचायतीने काय करावे ?

पंचायत सदस्यांना वाटेल की, हा शाळेचा अंतर्गत प्रश्न आहे. तसे नाही. बँकेचे अधिकारी, आरोग्यसेविका, वायरमन, पोलीस पाटील यांना शाळेत बोलावून आणणे पंचायतीला जितके सुलभ आहे तितके मुख्याध्यापकांना नाही. ग्रामसेवकांवर तर बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून जबाबदारी टाकण्यात आली होती. ते वर्षातून एकदा नववीच्या वर्गासमोर उभे राहिले आणि आपले काम त्यांनी समजावून सांगितले, तरी मुलांना अडचणीच्या वेळी कोणाकडे जावे हे ठाऊक होईल.

आणखी एक गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हा ठराव आपल्या विषयाशी कसा निगडित आहे, ते सांगतो. संक्रांतीला पुष्कळ शाळांत मातापालकांचे हळदीकुंकू असते. त्या दिवशी वर्गातील ज्या मुलाची आई विधवा आहे, त्याच्या घरी निमंत्रण जात नाही, अथवा गेले तरी ती येत नाही. तो मुलगा दारात उभा राहून इतरांच्या आयांना तिळगूळ वाटतो. त्याच शाळेत समावेशकतेचा तास दर शनिवारी होत असतो. हेरवाडच्या ठरावावर नववीच्या वर्गात चर्चा व्हावी, ठरावाच्या बाजूने व विरुद्ध बोलणारे असावेत, आणि पुढच्या संक्रांतीला निमंत्रणपत्रिका मुलांनीच लिहाव्यात. ती यादी शिक्षकांनी तपासू नये.

शाळेच्या इमारतीचा प्रश्नही पंचायतीकडेच येतो. शाळेला उतरती वाट करावी असा नियम आहे आणि ती पुष्कळ शाळांत केलेलीही आहे. परंतु अनेक ठिकाणी ती एवढी उभी असते की, चाकाच्या खुर्चीवरील मूल तीवरून वर जाऊ शकत नाही आणि खाली आले तर थेट मैदानात येते. प्रमाण एकास बारा असावे लागते. जोते दोन फूट उंच असेल तर वाट चोवीस फूट लांब हवी. ठेकेदार दहा फुटांत काम उरकतो, आणि देयक मंजूर होते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी ऐच्छिक तासाच्या मुलांना फीत देऊन ती वाट मोजण्यास सांगावे. त्याबरोबर स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी आणि पाण्याच्या नळाची उंचीही मोजावी. मापे एका कागदावर लिहून दोन विद्यार्थ्यांनी, त्यांपैकी एक विद्यार्थिनी असावी, ती ग्रामसभेत वाचून दाखवावीत आणि सरपंचांनी ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.

निवडीच्या अर्जाचा एक नमुना तयार करून प्रवेशद्वाराजवळील मेजावर ठेवला आहे. प्रत्येक मुख्याध्यापकांनी एक प्रत घ्यावी व त्यात आपल्या शाळेच्या परिस्थितीप्रमाणे बदल करावेत. यानंतरचा अर्धा तास आपल्या शंकांसाठी राखून ठेवलेला आहे. गेल्या वर्षी ज्या दोन शाळांनी हा तास पहिल्या तासिकेस ठेवून पाहिला, त्यांचे शिक्षक येथे उपस्थित आहेत. वेळापत्रकाविषयी प्रश्न असतील तर ते मला न विचारता त्यांना विचारावेत, त्यांची उत्तरे अधिक उपयोगी पडतील.